अंगठ्याला विसरू नका: ग्लोव्हजच्या आतली साडेचार मीटर पट्टी

१९६४च्या टोकियो ऑलिंपिकला अमेरिकेचा हेवीवेट बॉक्सर म्हणून जायचा होता बस्टर मॅथिस. निवड चाचणीत त्यानेच जो फ्रेझियरला हरवलं होतं. पण मॅथिसचा हात दुखावला आणि राखीव फ्रेझियरला संधी मिळाली. उपांत्य लढतीत फ्रेझियरचा डावा अंगठा मोडला, तरी अंतिम लढत खेळून त्याने ३-२ने सुवर्ण जिंकलं. पुढे १९७१मध्ये मोहम्मद अलीला खाली पाडलं तेही याच डाव्या हाताने.

सातारा-सांगलीत तालमीतून बॉक्सिंगकडे वळणारी पोरं ‘आमची मनगटं भक्कम आहेत’ म्हणत पट्टी कशीतरी गुंडाळतात. भक्कम असतातच. पण कुस्तीत हात पकडतो, इथे तो आदळतो. मनगटासकट हातात २७ हाडं. ती एकजीव ठेवणं हे पट्टीचं काम.

मोठ्यांसाठी पट्टी साडेचार मीटर लांब, साधारण पाच सेंटिमीटर रुंद आणि किंचित ताणणारी घ्या. मेडिकलमधलं क्रेप बँडेज नको. ते फार ताणतं, दोन-तीन राउंडमध्ये मुठीवरून सरकून मनगटाशी गोळा होतं.

बांधताना बोटं फाकवून, हात ताठ ठेवा. हात सैल सोडून बांधलेली पट्टी मूठ वळली की रुतते आणि बोटांना मुंग्या येतात. सुरुवातीचा फासा अंगठ्यात अडकवून पट्टी हाताच्या पाठीवरून मनगटाकडे न्या. तळव्याकडून नेली तर मूठ वळताना फासा निसटतो. मनगटाला तीन वेढे, तिथून तिरकं वर येऊन मुठीच्या गाठींवर, म्हणजे बोटांच्या बुडाशी वर येणाऱ्या हाडांवर, तीन. मग पुन्हा मनगटाकडे या आणि करंगळी-अनामिका, अनामिका-मधलं बोट, मधलं बोट-तर्जनी अशा तीन फटींतून एकेकदा पट्टी काढा. प्रत्येक वेळी मनगटाकडे परत यायचं.

आता अंगठा. बहुतेकांची इथेच घाई होते. मनगटावरून येऊन अंगठ्याच्या बुडाला एक पूर्ण वेढा द्या आणि आलात त्याच्या उलट दिशेने मनगटाकडे परता. हा वेढा अंगठ्याला बाहेर उलटू देत नाही. हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, चुकून समोरच्याच्या कोपरावर बसला तर पहिला मार अंगठ्यालाच. उरलेली पट्टी गाठींवर दोनदा, बाकी सगळी मनगटाला, शेवटी वेल्क्रो.

मूठ वळल्यावर पट्टी घट्ट आणि हात उघडल्यावर मोकळी वाटली पाहिजे. नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही तर सोडून पुन्हा बांधा. आणि पट्टी कितीही छान बसली तरी ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवरच बसायला हवा. करंगळीच्या बाजूने मारलं की तिच्यामागचं तळहाताचं हाड मोडतं. हे इतकं नेहमीचं आहे की डॉक्टर त्याला ‘बॉक्सरचं फ्रॅक्चर’ म्हणतात.

साताऱ्याच्या पावसात पट्टी लवकर वाळत नाही; ओलीच बांधली की बोटांच्या फटींत चिखल्या होतात. म्हणून दोन जोड ठेवा. धुताना उशीच्या अभ्र्यात घाला, नाहीतर वेल्क्रो घरच्यांचे कपडे ओढतं. वाळली की वेल्क्रोच्या टोकाकडून गुंडाळा, म्हणजे फासा बाहेर राहतो आणि बांधायला सुरुवात करताना हातात तोच येतो.