जुन्या स्पोर्ट्स कारसाठी फायबरचे पार्ट निवडताना काय बघायचं

माझ्याकडे ७२ ची डॅटसन २४०झेड आहे, इकडे अमेरिकेत ही गाडी १९७० ते ७३ अशी विकली गेली. इंजिन अजून मस्त चालतं पण पुढच्या मडगार्डांचा चाकामागचा पत्रा पार कुजला होता, आत वर्षानुवर्षं ओली माती साठत राहते आणि पत्रा आतूनच खाल्ला जातो, बाहेरून फुगा दिसेपर्यंत काही उरलेलं नसतं. म्हणून फायबरकडे वळलो. कोकणात होड्या बनतात तेच हे फायबर, काचेच्या धाग्यांची चटई आणि तिला घट्ट धरणारं रेझिन.

सगळ्यात आधी ठरवा की गाडी रस्त्यावर चालवायची आहे की रेसला न्यायची, कारण विकणारे दोन्ही माल शेजारी शेजारी ठेवतात आणि रेसचा स्वस्त आणि हलका असतो म्हणून हात तिकडेच जातो. माझाही गेला. बॉनेट आणलं, एकच पातळ थर, खाली सांगाडा नाही, आणि हायवेला ताशी ७० माइलला त्याचा मधला भाग डोळ्यादेखत थरथरायला लागला, मी घाबरून गाडी कडेला घेतली. मुळात ही गाडी हजार-अकराशे किलोची, आणखी पाच-सात किलो वाचवून रस्त्यावर काय मिळणार? रस्त्यासाठी खालून सांगाडा चिकटवलेलं, मूळ बिजागरी आणि मूळ लॉक बसणारं बॉनेटच घ्या. लॉकऐवजी नुसत्या पिना लावून चालवू नका. आणि बॉनेट हलकं झालं की मूळ स्प्रिंग त्याला जास्त होते, फायबर वाकतं आणि कालांतराने तडकतं, तेव्हा स्प्रिंगपण नरम करावी लागते.

मग कुठला पार्ट बदलायचा ते बघा. नटबोल्टवर बसणारे पुढचे मडगार्ड, बॉनेट, एअर डॅम म्हणजे बंपरखालची पट्टी, हे खुशाल बदला. दरवाजे मात्र पत्र्याचेच राहू द्या, बाजूने कोणी ठोकलं तर तुमच्या आणि त्याच्या मध्ये तेवढंच असतं.

विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा, साचा कशावरून काढला? नवीन मूळ पार्टवरून काढला असेल तर उत्तम. पण बरेचजण दुसऱ्याचा फायबर पार्ट आणून त्यावरूनच साचा काढतात, आणि पॉलिएस्टर रेझिन सुकताना थोडं आकसतं, त्यामुळे नकलेची नक्कल थोडी लहानच निघते आणि दरवाज्याशी गॅप कधीच जुळत नाही, मग पेंटर लांबी (पुटी) भरत बसतो. तुमच्याच मॉडेलच्या गाडीवर तो पार्ट बसवलेला फोटो मागा, दरवाज्याची आणि हेडलाइटची कड जवळून दिसेल असा.

पार्ट हातात आला की उलटा करून मागची बाजू बघा, खरी कारागिरी तिथे दिसते. पांढरट कोरडी चटई दिसली तर रेझिन कमी पडलंय, चकचकीत डबकी दिसली तर जास्त झालंय, तो भाग ठिसूळ असतो. अंधारात मागून टॉर्च मारा, रंग नसलेल्या पार्टमध्ये हवेचे बुडबुडे दिसतात. नाण्याने सगळीकडे हळू टकटक करा, आवाज टणक यायला हवा, जिथे बद्द येतो तिथे आत थर सुटलेत किंवा हवा आहे. बोल्ट बसतात त्या जागा बाकीपेक्षा जाड हव्यात, कडेला निदान ३ मिमी तरी. आणि वास घ्या. रेझिनचा उग्र वास येत असेल तर माल अजून पक्का झालेला नाही, लगेच रंगवलात तर काही महिन्यांत चटईची नक्षी रंगातून वर दिसायला लागते. दोन-तीन आठवडे उन्हात ठेवा, पण भिंतीला टेकवून नाही, गाडीवर सैल बोल्टने लावूनच ठेवा नाहीतर वाकडा होईल.

रंगाआधी कोरडी फिटिंग करा, दरवाजा बॉनेट सगळं उघडून-मिटून. भोकं थोडी मोठी करा, मोठे वायसर आणि रबर घाला, बोल्ट पत्र्यासारखे आवळू नका, आवळले की भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. पार्ट साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं मेण आधी धुवून काढा आणि मगच पॉलिश पेपर मारा, नाहीतर मेण घासून आत जातं आणि रंग धरत नाही. पेंटरकडे रंग तापवून सुकवत असतील तर त्याला आधीच सांगा की फायबर आहे.

लाइटचं अर्थिंगपण तपासा. मडगार्डवरच्या ज्या दिव्याला पत्र्यातून अर्थ मिळत होता त्याला आता वेगळी वायर ओढावी लागते, माझा इंडिकेटर याच कारणाने मंद पेटत होता आणि मी उगाच बल्ब बदलत बसलो होतो. जुनी मडगार्डं नवीन बसून रंग होईपर्यंत फेकू नका, छोट्या पट्ट्या, क्लिपा आणि भोकांची मापं त्यांच्यावरूनच घ्यावी लागतात.