कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट: आपले मत कसे मांडावे

आवडत्या कादंबरीवर चित्रपट निघाला की बहुतेक वाचकांचे मत एका वाक्यात आटोपते: पुस्तकाची सर चित्रपटाला नाही. हे खरे असले, तरी त्यातून ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. कोणता प्रसंग बदलला, त्या बदलाने काय साधले आणि काय हातचे गेले, हे सांगितले तरच मताला वजन येते. टोल्किन यांची १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आणि पीटर जॅक्सन यांनी तिच्यावर केलेले २००१ ते २००३ या काळातील तीन चित्रपट यांविषयी वाचक आजही हिरिरीने बोलतात, म्हणून उदाहरणे तिथलीच घेऊ.

चित्रपट पाहण्याआधी कादंबरीबद्दलचे आपले मत चार ओळींत का होईना, लिहून ठेवावे. पडद्यावरचे चेहरे एकदा मनात बसले की आपण वाचताना कोणाला पाहिले होते ते आठवेनासे होते. कादंबरीचा नायक फ्रोडो सर्वांना मोहात पाडणारी जादूची अंगठी घेऊन घर सोडतो तेव्हा पन्नाशीचा असतो, अंगठीमुळे त्याचे वय दिसत नाही इतकेच. अंगठी त्याच्याकडे येऊन तोवर सतरा वर्षे लोटलेली असतात. चित्रपटात हा काळ जाणवतच नाही आणि फ्रोडो कोवळा तरुण दिसतो. पाहिल्यानंतर लिहायला बसणाऱ्याच्या लक्षात हा फरक सहसा येत नाही.

त्यानंतर वगळणे आणि बदलणे यांत भेद करावा. कादंबरीतला गूढ रानवासी टॉम बॉम्बाडिल चित्रपटात नाही, ही तक्रार फार झाली. तिच्यावर एक वाक्य पुरे. खुद्द टोल्किन यांची भूमिका इथे उपयोगी पडते. एका नियोजित चित्रपटाचा आराखडा त्यांच्याकडे आला होता, त्यावर त्यांनी १९५८ मध्ये मुद्देसूद आक्षेप लिहून पाठवले. चालती-बोलती झाडे, म्हणजे एन्ट, आणि हॉर्नबर्ग किल्ल्याची लढाई या दोहोंना पुरेशी जागा देता येत नसेल, तर लढाई गाळावी, कारण मूळ कथेत ती आनुषंगिक आहे, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. जॅक्सन यांनी नेमकी तीच लढाई दुसऱ्या चित्रपटाचा कळस केली. ती थरारक आहे यात शंका नाही. मात्र आपल्याला ती का आवडली, कथेसाठी की केवळ चित्रणासाठी, हे वाचकाने स्वतःला विचारून मगच लिहावे.

मत मांडण्यासाठी एकच प्रसंग निवडून त्याच्या खोलात जाणे सर्वांत चांगले. फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम यांना वाटेत अडवणारा सेनानी फॅरामीर याचा प्रसंग पाहा. कादंबरीत धबधब्याआडच्या गुहेत सॅमच्या तोंडून अंगठीचे गुपित निसटते. फॅरामीर उठून उभा राहतो, आता आपली खरी योग्यता दाखवण्याची संधी आली आहे असे म्हणतो, आणि दुसऱ्याच क्षणी खाली बसून हळूच हसू लागतो. ही वस्तू वाटेत पडलेली सापडली तरी आपण ती घेणार नाही, असे तो आधीच बोलून चुकलेला असतो आणि तो शब्द पाळतो. चित्रपटात मात्र तो फ्रोडो आणि सॅम यांना कैद करून ऑस्गिलियथ या शहरात नेतो आणि अखेरच्या क्षणी सोडतो. यामागे पटण्याजोगी कारणे आहेत: अंगठीचा मोह एखाद्याला सहज टाळता आला तर तिची दहशत ओसरते, शिवाय शेलॉब या महाकाय कोळी-मादीचा प्रसंग तिसऱ्या चित्रपटात गेल्याने दुसऱ्याच्या शेवटी या दोघांसाठी संकट हवेच होते. ही बाजू आधी प्रामाणिकपणे लिहावी आणि त्यानंतरच आपला निर्णय द्यावा. माझ्या मते इथे कादंबरी श्रेष्ठ ठरते. त्याच घरात, त्याच बापाच्या धाकात वाढलेला धाकटा भाऊ अंगठी नाकारतो, म्हणूनच थोरला भाऊ बोरोमीर याचे अंगठीच्या मोहाने घसरणे ही त्याची स्वतःची निवड होती हे कळते. फॅरामीरही आधी मोहात पडला की ती मानवमात्राची दुर्बलता ठरून जाते.

आवड आणि परीक्षण यांची सरमिसळ करू नये. हॉवर्ड शोर यांचे संगीत मला अतिशय प्रिय आहे, पण तेवढ्यावरून रूपांतर चांगले ठरत नाही, आणि कादंबरीतली लांबलचक गाणी कंटाळवाणी वाटली म्हणून कादंबरी उणी होत नाही. अशा गोष्टी ‘मला’ या शब्दासह लिहाव्यात.

शेवटी, आपण कोणती आवृत्ती पाहिली ते आवर्जून नमूद करावे. फॅरामीर, बोरोमीर आणि त्यांचे वडील डेनेथॉर यांचा एकत्र प्रसंग केवळ दुसऱ्या चित्रपटाच्या वाढीव, म्हणजे अधिक लांबीच्या आवृत्तीत आहे, आणि तो पाहिलेला व न पाहिलेला असे दोन प्रेक्षक फॅरामीरवरून वाद घालू लागले तर दोघे वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलत राहतात.