ठासणीची बंदूक नेमावर येत नाही? आधी या चुका टाळा

दर ऑक्टोबरात आमच्या रेंजवर तोच खेळ. नवा गडी ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या, बंदुकीने पाच बार टाकतो, कागदावरची भोकं पाच दिशांना पांगलेली बघतो आणि हातोडी काढून नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, ठोकायला लागतो. माशीचा दोष दहात एखाद्या वेळी असेल. बाकी सगळा दोष भरणाऱ्या हाताचा.

हे लिहितोय ते अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियापुरतं. इथे नाताळनंतर हरणांचा जो खास हंगाम असतो, त्यात १९७४ पासून चकमकीचीच, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी, ठासणीची बंदूक चालते. भारतात शिकारीला बंदी आहे, तेव्हा कोकणातल्या आजोबांची जुनी ठासणीची भिंतीवरच राहू द्या.

नळी न पुसता बार टाकत राहणं

काळी दारू जळली की वजनाने निम्म्याहून जास्त घन राख उरते. थोडी धुराबरोबर जाते, बाकीची नळीत चिकटून बसते आणि हवेतला ओलावा ओढून घेते. पहिली गोळी लोण्यासारखी उतरते, चौथीला गजावर, म्हणजे ठासायच्या दांड्यावर, अंगाचा भार टाकावा लागतो. प्रत्येक बार वेगळ्या जोराने ठासला, तर गोळ्या एका जागी पडणार कशा?

मागच्या वर्षी आयटीतला एक मराठी मुलगा आला होता. नळी पुसायचा कंटाळा. सातव्या बाराला म्हणतो, "काका, गोळी अर्ध्यातच अडकली. तशीच उडवून देऊ का?" माझ्या अंगावर सरसरून काटा आला. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगते, फाटतेसुद्धा. बंदूक त्याच्या हातातून काढून घेतली आणि गोळी स्क्रूने ओढून काढली. त्यात पाऊण तास गेला. सात वेळा पुसायला सात मिनिटं लागली असती.

माझी सवय अशी: प्रत्येक बारानंतर एक दमट चिंधी, मग एक कोरडी. दमट म्हणजे थुंकीने ओली होईल इतकीच. निथळती चिंधी सगळी घाण तळाशी ढकलते. आणि गोळी दारूवर टेकली की गज जिथे नळीच्या तोंडाशी येतो, तिथे त्याच्यावर खूण. खूण वर राहिली तर बार नाही म्हणजे नाही.

तेलकट नळीतला पहिला बार

ही चूक माझी स्वतःची, म्हणून जरा लांबण लावतो. दुसऱ्या वर्षी रेंजवर ५० यार्डांवर तीन भोकं एका बशीत बसत होती. खूश होऊन बंदूक धुतली, आतून छान तेल दिलं आणि हंगामाच्या पहिल्या सकाळी तशीच भरून जंगलात गेलो. साठेक यार्डांवर मादी आडवी उभी, वारा माझ्याकडे. बार झाला, धूर निवळला, तर ती माझ्याकडेच बघत होती! मग निघून गेली. दोन तास बर्फात माग काढला, रक्ताचा थेंब नाही.

नंतर रेंजवर कळलं, तेल दिलेल्या नळीतली पहिली गोळी माझ्या बंदुकीत चार इंच डावीकडे वर जाते. दुसरीपासून सगळं ठीक. पण हरीण दुसरीला थांबत नाही. आता भरण्याआधी अल्कोहोलची चिंधी फिरवून नळी कोरडी करतो. एक कागद फक्त पहिल्या बारांसाठी ठेवलाय: दर शनिवारी एकच गोळी, मग घरी. लोक हसतात. हसू देत.

बाकीच्या, थोडक्यात

दारू अंदाजपंचे ओतू नका, मापानेच भरा. बुधल्यातून थेट नळीत तर कधीच नको, आत ठिणगी असू शकते. माझ्या ५० कॅलिबरच्या (अर्धा इंच तोंडाच्या) बंदुकीला ७० ग्रेन मानवते; ग्रेन हे दारूचं माप. तुमच्या बंदुकीचं माहितीपत्रक वाचा, ६० पासून सुरू करा, पाच-पाचने वाढवा. जास्त दारू म्हणजे जास्त नेम हे खूळ आहे.

जिच्या आतले आटे ६६ इंचांत एक फेरा घेतात, ती नळी गोल गोळीसाठी असते. तिच्यात प्लॅस्टिकच्या टोपणातली लांब गोळी घालून बंदुकीला शिव्या देऊ नका.

रंजक, म्हणजे बार पेटवायला बाहेरच्या रंजकदाणीत ठेवलेली चिमूटभर दारू, पेटली की डोळे मिटतात, खांदा उचलला जातो. बार होऊन कागदाला भोक पडेपर्यंत माशीवरची नजर हलवायची नाही. मी रंजकदाणी निम्मीच भरतो, भडका कमी.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दारू, गोळीभोवती गुंडाळायची चिंधी आणि गारगोटी एकदम बदलून मला "काय चुकलं?" विचारू नका.

आणि ही गोळीभोवतीची चिंधी बारानंतर दहा-पंधरा पावलांवर पडते, ती उचलून बघा. मधोमध जळली असेल तर कापड पातळ किंवा वंगण कमी. कडेला कापली असेल तर नळीच्या आट्यांना धार आहे. त्या मुलाच्या चिंध्या चाळणी झाल्या होत्या. जाड कापड दिलं, माशी होती तिथेच ठेवली, आणि संध्याकाळपर्यंत तो बशीत आला.