माइंड मॅप कुठे थांबवावा

नोकरीच्या पहिल्या वर्षी, जुन्या संगणकप्रणालीतील ग्राहकांची माहिती नव्या प्रणालीत हलवण्याचा आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले. मी उत्साहाने एक्समाइंड हे माइंड मॅप, म्हणजे मधल्या विषयातून मुद्द्यांच्या फांद्या फुटत जाणारा नकाशा, काढण्याचे सॉफ्टवेअर उघडले आणि अर्धा दिवस खर्चून सुमारे दीडशे मुद्द्यांचा रंगीबेरंगी नकाशा तयार केला. बैठकीत तो पडद्यावर दाखवला, तेव्हा वरिष्ठांनी तो शांतपणे पाहून दोनच प्रश्न विचारले: "यातलं आधी काय करायचं? आणि कोणी करायचं?" दीडशे मुद्द्यांत याचे उत्तर कुठेही नव्हते.

माझी मेहनत कमी पडली नव्हती. मी नकाशाकडून त्याला न जमणारे काम करून घेत होतो, हे मला बऱ्याच उशिरा कळले. माइंड मॅप हे एक झाड असते. त्यात प्रत्येक मुद्दा एकाच फांदीला लागलेला असतो, त्यामुळे कोणती गोष्ट कशाचा भाग आहे हे तो चांगले दाखवतो. पण कशानंतर काय येते आणि कशामुळे काय अडते, हे त्याच्या रचनेत बसत नाही. माझ्या नकाशात 'बॅकअप' हा मुद्दा 'तयारी', 'चाचणी' आणि 'जोखीम' अशा तीन फांद्यांवर वेगवेगळा लिहिलेला होता, आणि ते एकच काम आहे हे मलाही त्या बैठकीतच लक्षात आले. एकच मुद्दा असा दोन-तीन ठिकाणी उगवू लागला, की विषय झाडासारखा नसून जाळ्यासारखा आहे असे समजावे. अशा विषयांसाठी कॉर्नेल विद्यापीठातील जोसेफ नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेला संकल्पना-नकाशा अधिक सोयीचा पडतो; त्यात एका संकल्पनेला कितीही रेषा जोडता येतात आणि प्रत्येक रेषेवर नाते शब्दांत लिहिले जाते.

मग माइंड मॅप वापरावा कधी? डोक्यात गर्दी असते पण क्रम नसतो, तेव्हा. ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी १९७४ मध्ये बीबीसीच्या दूरचित्रवाणी मालिकेतून ही पद्धत लोकप्रिय केली. एका फांदीवर एकच शब्द लिहावा, हा त्यांचा नियम मी सुरुवातीला थट्टेवारी नेला होता. आता तोच सर्वांत जास्त पाळतो, कारण 'ग्राहकांचे जुने पत्ते तपासून दुरुस्त करणे आवश्यक' असे पूर्ण वाक्य लिहिले की विचार तिथेच संपतो, आणि नुसते 'पत्ते' लिहिले की त्याखाली 'दुबार', 'अपूर्ण', 'कोण तपासणार' असे मुद्दे आपोआप फुटू लागतात. रंग आणि चित्रे यांबाबत मात्र माझे त्यांच्याशी पटत नाही; कार्यालयीन कामात त्यांच्यावर गेलेला वेळ बहुधा काम टाळण्यात गेलेला असतो.

सॉफ्टवेअरची निवड करण्यात नवीन माणूस फार दिवस घालवतो. फ्रीप्लेन मोफत आणि मुक्तस्रोत आहे आणि सुरुवातीला ते पुरते. टॅब दाबला की उपफांदी, एंटर दाबला की शेजारची फांदी, एवढ्या दोन कळा बोटांत बसल्या की हात विचारांच्या मागे पडत नाही; माउसने एकेक चौकट काढत बसणाऱ्याला हा फायदा मिळत नाही. अनेकांनी मिळून एकाच नकाशावर काम करायचे असेल तर माइंडमाइस्टरसारखे ब्राउझरमध्ये चालणारे साधन सोयीचे, पण त्यात नकाशा बाहेरच्या सर्व्हरवर साठवला जातो. म्हणून ग्राहकांची नावे किंवा अंतर्गत आकडे त्यात लिहिण्यापूर्वी वरिष्ठांची परवानगी घ्यावी. साधन निवडताना मी आणखी एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे नकाशा आउटलाइनच्या, म्हणजे मुद्दे आणि उपमुद्दे यांच्या यादीच्या, स्वरूपात बाहेर काढता येतो की नाही. ते जमत नसेल, तर पुढे सगळे मुद्दे पुन्हा हाताने टाइप करावे लागतात.

पुढच्या अशाच कामाच्या वेळी मी घड्याळ लावून वीस मिनिटांत सुचेल ते सगळे नकाशात ओतले, नंतरची वीस मिनिटे फांद्या इकडून तिकडे हलवण्यात घालवली आणि तिथेच हात आखडता घेतला. नकाशाची आउटलाइन काढून ती स्प्रेडशीटमध्ये टाकली, आणि प्रत्येक ओळीपुढे काम करणाऱ्याचे नाव, तारीख आणि 'कशावर अवलंबून' असे तीन रकाने जोडले. हे रकाने भरताना दीडशेऐवजी एकतीसच ओळी उरल्या, कारण पुष्कळ फांद्या ही कामे नसून नुसती शीर्षके होती. बैठकीत मी तोच तक्ता नेला. नकाशा संगणकावर घडी घातलेल्या अवस्थेत ठेवला होता, आणि जुने अहवाल या कामातून का वगळले असे कोणीतरी विचारले, तेव्हा ती एक फांदी उघडून दाखवण्यापुरताच तो पडद्यावर आला.