आवाराच्या देखभालीचा विषय सभेत कसा मांडावा
सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये बाग, गटारे आणि कुंपणाची कामे वर्षानुवर्षे रखडतात, कारण ती सभेत ऐनवेळी निघतात. महाराष्ट्रात वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि आदर्श उपविधींनुसार, म्हणजे संस्थांच्या कारभाराच्या नमुना नियमावलीनुसार, तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. म्हणून आपला विषय जुलैतच सचिवांकडे लेखी द्यावा व पोच घ्यावी.

अर्जात ‘आवाराची दुरवस्था’ असे मोघम लिहू नये. भर पावसात एक फेरी मारावी आणि जमिनीखालील टाकीच्या झाकणाभोवती पाणी तुंबते का, फरसबंदीचा उतार इमारतीच्या भिंतीकडे गेला आहे का, हे पाहून छायाचित्रे जोडावीत. झाडांची आळी सिमेंटने बुजवली असल्यास ती मोकळी करण्याची मागणी सर्वांत आधी करावी. मुळांना पाणी आणि हवा न मिळाल्याने चांगली वाढलेली झाडे हकनाक वाळतात, आणि हे मला फार सलते. झाड तोडायचे असल्यास शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. छाटणीपूर्वीही पालिकेत चौकशी करावी.

सोबत तीन दरपत्रके द्यावीत. माळ्याचा पगार सेवाशुल्कात येतो आणि ते सर्व सदनिकांना सारखेच असते, त्यामुळे मोठ्या सदनिकेने जास्त द्यावे हा वाद तेथेच मिटतो. ठरावात काम, रक्कम, मुदत आणि देखरेख करणाऱ्या सभासदाचे नाव नोंदवून घ्यावे, आणि इतिवृत्ताचा मसुदा हाती येताच ते शब्दशः तपासावे.