आयबीएस, डिसॅबिलिटी पेन्शन आणि बोर्डाचा 'नाना': अपील कसं करायचं

पाय गेला तर दिसतो, कान गेला तर मशीनवर कळतं, पण दिवसातून सहा वेळा मुरडा येऊन संडासकडे पळणाऱ्या माणसाचं काय दिसणार? कोलोनोस्कोपी नॉर्मल, रक्त नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. हाच आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. घरचे म्हणतात मिसळ कमी खा. आणि फौजेतून सुटताना मेडिकल बोर्ड लिहितो एनएएनए, म्हणजे आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. मी त्याला नाना म्हणतो, पुण्यात नाना पेठ होतीच त्यात हा एक.

मी क्लार्क ट्रेडमधून हवालदार म्हणून सुटलो, दिघीत राहतो, ओळखीतले फाईल घेऊन येतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

आधी एक गैरसमज. मोबाईलवर आयबीएस आणि माजी सैनिक असं शोधलं की गल्फ वॉर, ३० टक्के रेटिंग असलं काय काय येतं. ते अमेरिकेचं आहे भाऊ. तिकडे आखाती युद्धात गेलेल्याला हा त्रास झाला तर तो ड्युटीमुळेच झाला असं धरून चालतात. आपल्याकडे आयबीएसला अशी सवलत नाही. वेळेवर रिटायर होणाऱ्याला डिसॅबिलिटी पेन्शनसाठी दोन गोष्टी लागतात, आजार नोकरीमुळे झालेला किंवा वाढलेला पाहिजे आणि डिसॅबिलिटी २० टक्के किंवा जास्त पाहिजे. टक्के वीस दिले आणि खाली नाना लिहिला तर हातात काही नाही, आणि बहुतेक जण इथेच फसतात कारण टक्के बघून खूश होतात, खालची ओळ वाचतच नाहीत.

तर पहिलं काम, रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण कॉपी मिळवा. फॉर्मचं नाव एएफएमएसएफ-१६. जवळ नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, नाही दिली तर १० रुपये भरून आरटीआय टाका, ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं. बीईजीवाल्यांचं (बॉम्बे इंजिनिअर ग्रुप) बरंय, रेकॉर्ड खडकीतच, मराठा लाईट इन्फंट्रीवाल्यांना मात्र बेळगावला पत्र टाकावं लागतं. सोबत भरतीच्या वेळच्या मेडिकलची आणि सर्व्हिसमधल्या सगळ्या ॲडमिशनची कागदं मागा.

आता ती कॉपी घेऊन शांत बसा आणि दोनच जागा बघा. आजार पहिल्यांदा कधी आणि कुठे सुरू झाला ते, आणि नाना का लिहिला त्याचं कारण. कारणाच्या जागी बऱ्याचदा एक ओळ असते, आजार मूळ प्रकृतीचा आहे किंवा पीस स्टेशनला (म्हणजे फील्ड नसलेल्या, शांत ठिकाणच्या पोस्टिंगला) सुरू झाला, संपलं. खरी लढाई ह्या एका ओळीशी आहे. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा ठणठणीत होता असं धरायचं, आजाराचा नोकरीशी संबंध आहे हे सिद्ध करायची जबाबदारी सैनिकावर नाही, आणि बोर्डाने कारणं द्यायची. मात्र तुम्ही २१ सप्टेंबर २०२३ नंतर सुटला असाल तर तुम्हाला २०२३ चे नवीन नियम लागतात, तेव्हा वकिलाला सुटण्याची तारीख आधी सांगा, नाहीतर जुन्या नियमावर अख्खं अपील लिहून बसाल.

कागद म्हणजे तारखा. आयबीएस टेस्टमध्ये पकडला जात नाही, डॉक्टर तो लक्षणांवरून ठरवतात. तीन महिने आठवड्यातून सरासरी एकदा तरी पोटदुखी, ती संडासशी जोडलेली, आणि सुरुवात निदान सहा महिन्यांपूर्वीची. म्हणून एमआय रूमची (युनिटच्या दवाखान्याची) जुनी चिठ्ठीसुद्धा सोन्यासारखी. विशेषतः फील्डमध्ये असताना जुलाब-उलट्यांनी ॲडमिट झालात आणि त्यानंतर पोट कधी जागेवर आलंच नाही असं असेल तर ते ठळक लिहा, पोटाच्या इन्फेक्शननंतर आयबीएस राहू शकतो हे डॉक्टरी पुस्तकात मान्य आहे. पोस्टिंगचा तक्ता करा आणि त्याच्या शेजारी पोटाच्या तारखा मांडा. पीस स्टेशनला सुरू झाला असेल तरी सोडू नका, नंतर फील्डमध्ये वाढला हेही चालतं, 'झाला' नाही तर 'वाढला' हा मुद्दा वेगळा घ्या.

आणि वाढवून लिहू नका. वजन घटतंय, संडासात रक्त पडतंय असलं खोटं लिहिलं तर डॉक्टर म्हणेल मग हा आयबीएस नाहीच, आणि खरंच होत असेल तर अपील बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. घरी एक वही ठेवा, किती वेळा, कळ किती, कुठलं काम किंवा प्रवास सोडावा लागला.

नकाराचं पत्र आलं की सहा महिन्यांत पहिलं अपील, ते रेकॉर्ड ऑफिसमार्फत जातं. भाषा साधी ठेवा, 'भरतीला फिट होतो, अमुक तारखेला अमुक ठिकाणी त्रास सुरू झाला, बोर्डाने कारण दिलेलं नाही' एवढ्यावर अर्ध अपील होतं. तेही फेटाळलं तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरं. मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजेच्या केसेसचं कोर्ट, आपल्याला मुंबईचं बेंच. उशीर झाला असेल तरी हात-पाय गाळू नका, सुप्रीम कोर्टाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून पेन्शनचं नुकसान दर महिन्याला चालू राहतं असं मानतात, फक्त थकबाकी साधारण अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते.

पैशाचं गणित २०२३ च्या नियमांआधी सुटलेल्यांसाठी सांगतो. १०० टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि २० टक्के डिसॅबिलिटी राऊंड ऑफ होऊन ५० धरतात, तेव्हा त्याच्या निम्मे, १५ टक्के. म्हणजे हिशोबाचा पगार ४०,००० असेल तर महिन्याला ६,०००, वर महागाई भत्ता. राऊंड ऑफ आपोआप होईल ह्या भरवशावर राहू नका, अर्जात वेगळं मागा.

वकील नको असेल तर पहिल्या अपीलाला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. ट्रिब्युनलला मात्र हे काम रोज करणारा वकील घ्या. तारखेला स्वतः जाणार असाल तर डेक्कन क्वीनला संडासजवळची सीट घ्या, घाटात गाडी रेंगाळली की तुम्हाला कळेल मी काय म्हणत होतो, आणि ओरिजिनल कागद घरीच ठेवा, झेरॉक्स न्या.