मोठा पाऊस येण्याआधी शेताबाहेर पाण्याला वाट द्या

अतिवृष्टीचा इशारा आला असेल तर खत, फवारणी, खुरपणी सगळं बाजूला ठेवा. फावडं घ्या आणि शेताच्या सगळ्यात खोलगट कोपऱ्यात जाऊन बघा, तिथून पाणी बाहेर कुठं जातं? बऱ्याच शेतांत ते कुठंच जात नाही. जुना चर नांगरटीत गेलेला असतो, नाहीतर बांधाखालच्या पाइपात गाळ आणि काडीकचरा ठासून बसलेला असतो. एकाच बांधाच्या दोन बाजूंना, एकाच वाणाचं सोयाबीन, एक हिरवं आणि एक पिवळं पडलेलं मी कितीदा तरी पाहिलंय. फरक असतो तो फक्त निचऱ्याचा.

मुळांना हवा लागते. पाणी साचलं की मातीतल्या पोकळ्या भरतात आणि एक-दोन दिवसांत मुळं गुदमरायला लागतात. भारी काळ्या जमिनीत तर हे फार लवकर होतं. तूर सगळ्यात आधी माना टाकते. कपाशीत पाणी साचलेलं असताना कडक ऊन पडलं, तर सकाळी टवटवीत असलेलं झाड दुपारी मलूल दिसतं.

चर कुठं काढायचा हे हलकी सरच सांगते. सर येऊन गेल्यावर तासाभरानं शेतात फिरा. जिथं अजून पाणी चमकतंय तिथं खुंटी ठोका आणि तिथूनच चर उताराकडं न्या. सोयाबीनमध्ये दर चार ओळींनंतर डवऱ्याला (तण काढायच्या बैलाच्या औजाराला) दोरी गुंडाळून सरी पाडा. या सगळ्या सऱ्या बांधाकडच्या मुख्य चरात उतरल्या पाहिजेत आणि तो चर नाल्यापर्यंत पोचला पाहिजे. अर्ध्यात सोडलेला चर म्हणजे पिकातच खोदलेलं डबकं. तोंडाशी दगड रचा, नाहीतर पाण्याबरोबर मातीही जाईल. शेजाऱ्याच्या रानात पाणी सोडायची वेळ येणार असेल तर आधी त्याच्याशी बोला. नाला तुंबलेला असेल तर वरच्या-खालच्या सगळ्यांनी मिळून झुडपं आणि गाळ काढा, एकट्याचा चर तिथं हरतो.

एवढं करूनही पाणी साचलंच, तर चोवीस तासांच्या आत बाहेर काढा. मग एक झाड उपटून मूळ नखानं सोला. आत पांढरं असेल तर झाड सावरतं. तपकिरी, बुळबुळीत आणि कुजका वास असेल तर त्यावर पैसा घालू नका. ही माझी शेतातली पारख आहे, पण बहुतेक वेळा खरी ठरते.

कपाशी सुकायला लागलेली दिसताच 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरा पोटॅश आणि 25 ग्रॅम कॉपर ऑक्सीक्लोराईड मिसळून प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी 100 मिली आळवणी करा, म्हणजे ते पाणी मुळाशी ओता. उशीर केला तर उपयोग होत नाही. सोयाबीन पिवळं पडलं असेल तर वाफसा आल्यावर (चिखल जाऊन नुसती ओल राहिल्यावर) 2 टक्के युरियाची, म्हणजे 10 लिटरला 200 ग्रॅम, फवारणी करा. दुकानदार याच दिवसांत 'पीक उभं करणारं' टॉनिक हातात देतो. मुळाशी पाणी असताना ती बाटली मारणं म्हणजे पैसे चरात सोडणं. आधी निचरा करा, मग वरची साधी खतं द्या, बाकीचं राहू द्या.

इतर कामं:
– जनावरांना घटसर्प, फऱ्याची लस. चारा उंचावर, झाकून
– बियाणं, खतं, औषधं जमिनीपासून वर, फळीवर
– नदीकाठची मोटार आणि स्टार्टर वर काढणं
– सातबारा, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत
– दुबार पेरणीसाठी सोयाबीनचं घरचं बियाणं राखणं; 100 दाण्यांची उगवण तपासणी, 70 उगवले तर चांगलं
– पूर वाढत असेल तर गोठ्यातली दावी सोडणं

पावसाच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक चराच्या तोंडाशी जाऊन या. वाहून आलेलं एक झुडूपही अख्खा चर अडवतं, म्हणून पाऊस उघडताच परत एक फेरी मारा. विजा कडाडत असताना मात्र शेतात पाऊल टाकू नका.